फॉस्फरस आम्ल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉस्फरस आम्ल आणि फॉस्फोरिक आम्ल एकच आहे का?

नाही. ही दोन वेगळी आम्ले आहेत, आणि त्यांची गल्लत होण्यात नावाचा वाटा मोठा आहे. फॉस्फरस आम्लाचे रेणुसूत्र एच३पीओ३ असे आहे, तर फॉस्फोरिक आम्लाचे एच३पीओ४. म्हणजे दोन्हींत हायड्रोजनचे तीन आणि फॉस्फरसचा एक अणू असतो, पण पहिल्यात ऑक्सिजनचे तीन अणू असतात आणि दुसऱ्यात चार. १७८७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक नामकरणाची जी पद्धत मांडली, तीत कमी ऑक्सिजन असलेल्या आम्लाच्या नावाला ‘-अस’ आणि जास्त ऑक्सिजन असलेल्याला ‘-इक’ असा शेवट जोडला गेला. सल्फ्युरस आणि सल्फ्युरिक, नायट्रस आणि नायट्रिक या जोड्या त्याच पद्धतीच्या आहेत.

मराठीत आणखी एक अडचण येते. रोमन लिपीत मूलद्रव्याचे नाव आणि आम्लाच्या नावातील विशेषण यांच्या वर्णलेखनात एका अक्षराचा फरक असतो, पण देवनागरीत दोन्ही शब्द ‘फॉस्फरस’ असेच लिहिले जातात. त्यामुळे ‘फॉस्फरस आम्ल’ म्हणजे फॉस्फरस असलेले कोणतेही आम्ल, असा अर्थ सहज घेतला जातो आणि तो चुकीचा ठरतो. या लेखात ‘फॉस्फरस आम्ल’ हे नाव केवळ एच३पीओ३ या संयुगासाठी वापरले आहे. त्याच्या क्षारांना फॉस्फाइट म्हणतात, तर फॉस्फोरिक आम्लाच्या क्षारांना फॉस्फेट. येथेही फरक लहानसाच आहे आणि बाटलीवरची चिठ्ठी वाचताना तो डोळ्यांतून निसटतो.

रेणूत तीन हायड्रोजन असताना या आम्लाची आम्लारिधर्मता (पाण्यात सुटू शकणाऱ्या हायड्रोजनांची संख्या) दोनच कशी?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि माझ्या मते या आम्लाविषयी खरोखर समजून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. बाकीचे बहुतेक गुणधर्म तिच्यातूनच निघतात.

एच३पीओ३ हे सूत्र अणूंची संख्या सांगते, त्यांची मांडणी सांगत नाही. सूत्राकडे पाहून मनात येणारी मांडणी अशी असते की मध्ये फॉस्फरस, त्याला जोडलेले तीन ऑक्सिजन आणि प्रत्येक ऑक्सिजनला एक हायड्रोजन. प्रत्यक्षात रेणू तसा नसतो. फॉस्फरसच्या अणूला दोन हायड्रॉक्सिल गट जोडलेले असतात, एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो आणि उरलेला एक हायड्रोजन थेट फॉस्फरसलाच जोडलेला असतो. हे चार घटक फॉस्फरसभोवती विकृत चतुष्फलकाच्या आकारात असतात.

पाण्यात हायड्रोजन आयन म्हणून कोणता हायड्रोजन सुटेल, हे तो कोणत्या अणूला जोडलेला आहे यावर ठरते. ऑक्सिजनची विद्युतऋणता जास्त असल्याने तो बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, हायड्रोजनवर अंशतः धनप्रभार येतो आणि पाण्याचे रेणू त्याला सहज उचलून नेतात. फॉस्फरस आणि हायड्रोजन यांच्या विद्युतऋणता मात्र जवळजवळ सारख्या असल्याने त्यांच्यातील बंधाला तशी ध्रुवीयता नसते. म्हणून ऑक्सिजनला जोडलेले दोन हायड्रोजन आम्लधर्मी असतात आणि फॉस्फरसला जोडलेला तिसरा तसा नसतो.

रेणूची ही खरी मांडणी दाखवण्यासाठी रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नामकरणात तिला ‘फॉस्फोनिक आम्ल’ असे नाव आहे. व्यवहारात मात्र जुने नावच चालते.

हे प्रयोगाने दाखवता येते का?

येते, पण त्यात एक खाचखळगा आहे आणि तो पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितलेला नसतो.

०.८२ ग्रॅम फॉस्फरस आम्ल पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण केले की ते ०.१ मोलार होते, कारण या आम्लाचे मोलार वस्तुमान सुमारे ८२ ग्रॅम आहे. यातील २५ मिलिलिटर द्रावण पिपेटने चंबूत घ्यावे आणि ब्युरेटमधून ०.१ मोलार सोडिअम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडावे. मिथिल ऑरेंज दर्शक असेल तर सुमारे २५ मिलिलिटरला लालसर रंग जाऊन पिवळा येतो, म्हणजे पहिला हायड्रोजन संपला. फिनॉल्फ्थॅलीन दर्शक असेल तर सुमारे ५० मिलिलिटरला फिकट गुलाबी रंग टिकू लागतो, म्हणजे दुसराही संपला. तिन्ही हायड्रोजन आम्लधर्मी असते तर ७५ मिलिलिटर अल्कली लागायला हवी होती, आणि ती लागत नाही. येथे बहुतेक जण थांबतात आणि सिद्धता झाली असे मानतात.

पण हाच प्रयोग फॉस्फोरिक आम्लावर केला तरी फिनॉल्फ्थॅलीनचा रंग साधारण ५० मिलिलिटरलाच बदलतो. त्याचा तिसरा हायड्रोजन आम्लधर्मी असूनही इतका दुर्बल असतो (त्याचा पीकेए सुमारे १२.३ आहे; हा आकडा जितका मोठा तितके आम्ल दुर्बल) की पाण्यातील नेहमीच्या अनुमापनात त्याचा अंत्यबिंदू दिसत नाही. त्यामुळे केवळ ५० हा आकडा पाहून ‘तिसरा हायड्रोजन आम्लधर्मी नाही’ असे म्हणता येत नाही.

फरक पाहायचा असेल तर दुसऱ्या अंत्यबिंदूनंतर चंबूत उदासीन कॅल्शिअम क्लोराइडचे पुरेसे द्रावण घालावे. फॉस्फोरिक आम्लाच्या चंबूत कॅल्शिअम फॉस्फेटचा पांढरा अवक्षेप बसू लागतो, तिसरा हायड्रोजन मोकळा होतो, गुलाबी रंग नाहीसा होतो आणि पुन्हा अल्कली घालावी लागते. फॉस्फरस आम्लाच्या चंबूतही कॅल्शिअम फॉस्फाइटचा अवक्षेप येऊ शकतो, पण त्यातून नवे आम्ल सुटत नाही, कारण सुटण्याजोगा हायड्रोजनच उरलेला नसतो.

रेणूच्या मांडणीचा थेट पुरावा वर्णपटांतून मिळतो. अवरक्त वर्णपटात फॉस्फरस–हायड्रोजन बंधाचा पट्टा दर सेंटिमीटरला सुमारे २४०० तरंगसंख्येच्या आसपास दिसतो. फॉस्फरसच्या केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटात तर एका रेषेऐवजी एकमेकींपासून सुमारे ७०० हर्ट्झ अंतरावर दोन ठसठशीत रेषा उमटतात. फॉस्फरसला एकच हायड्रोजन थेट जोडलेला असल्याशिवाय असे विभाजन होत नाही.

हे आम्ल दिसायला कसे असते?

शुद्ध फॉस्फरस आम्ल पांढरे, स्फटिकमय घन असते. त्याचा द्रवणांक सुमारे ७३ ते ७४ अंश सेल्सिअस आणि घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे १.६५ ग्रॅम आहे. ते पाण्यात अतिशय द्राव्य असून १०० मिलिलिटर पाण्यात ३०० ग्रॅमपेक्षा जास्त विरघळते. हवेतील ओलावा ते इतक्या तत्परतेने शोषते की वजनकाट्यावर उघडे ठेवलेले स्फटिक थोड्याच वेळात कडांना ओलसर दिसू लागतात आणि आकडा हळूहळू वर सरकतो. म्हणून त्याचे वजन झाकणाच्या बाटलीत करावे.

ते किती तीव्र आम्ल आहे?

मध्यम तीव्रतेचे, आणि फॉस्फोरिक आम्लापेक्षा जास्त तीव्र. त्याच्या पहिल्या विचरणाचा पीकेए सुमारे १.३ आणि दुसऱ्याचा सुमारे ६.७ आहे. यावरून गणित केले तर ०.१ मोलार द्रावणात साधारण निम्म्या रेणूंचे पहिले विचरण झालेले असते आणि सामू १.३ च्या आसपास येतो. तितक्याच संहतीच्या फॉस्फोरिक आम्लात जेमतेम पाव भाग रेणूंचे विचरण होते आणि सामू सुमारे १.६ असतो.

‘कमी ऑक्सिजन म्हणजे दुर्बल आम्ल’ हा नियम क्लोरीनच्या आम्लांना लागू पडतो, मग येथे तो का मोडतो, असे विचारले जाते. आम्लाची तीव्रता एकूण ऑक्सिजनवर अवलंबून नसून, हायड्रोजन न जोडलेले, म्हणजे मोकळे ऑक्सिजन किती आहेत यावर प्रामुख्याने अवलंबून असते. फॉस्फोरिक, फॉस्फरस आणि हायपोफॉस्फरस (याच्याविषयी पुढे येईल) या तिन्ही आम्लांत असा मोकळा ऑक्सिजन एकच आहे, म्हणून तिघांची तीव्रता एकाच पट्ट्यात पडते. आर्सेनिअस आम्लाशी तुलना केली की हे स्पष्ट होते. त्याचे सूत्र याच साच्याचे असले तरी त्यात तिन्ही हायड्रोजन खरोखरच ऑक्सिजनला जोडलेले असतात, मोकळा ऑक्सिजन एकही नसतो आणि त्याचा पीकेए ९.२ च्या आसपास असतो. फॉस्फरस आम्लाची मांडणी तशी असती तर तेही इतकेच दुर्बल असते.

मग तिन्ही हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला रेणू अस्तित्वातच नसतो का?

असतो, पण अत्यल्प प्रमाणात. द्रावणात दोन्ही रूपांमध्ये समतोल असतो आणि तो जवळजवळ पूर्णपणे फॉस्फरस–हायड्रोजन बंध असलेल्या रूपाकडे झुकलेला असतो. तरीही हे अल्पसंख्य रूप महत्त्वाचे आहे, कारण त्यात फॉस्फरसवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि तिच्यामुळे ते अनेक अभिक्रियांत पुढाकार घेते. हे आम्ल जड पाण्यात विरघळवले तर ऑक्सिजनवरचे हायड्रोजन तत्काळ ड्युटेरिअमशी अदलाबदल करतात, तर फॉस्फरसवरचा हायड्रोजन ती खूप सावकाश करतो. म्हणजे तो हायड्रोजन कायमचा जखडलेला नाही, पण सुटायला त्याला वेळ लागतो.

हे आम्ल कसे तयार करतात?

मुख्य मार्ग फॉस्फरस ट्रायक्लोराइडच्या जल अपघटनाचा आहे. त्याचा एक रेणू पाण्याच्या तीन रेणूंशी अभिक्रिया करतो आणि फॉस्फरस आम्लाचा एक व हायड्रोजन क्लोराइडचे तीन रेणू मिळतात. वस्तुमानाच्या हिशेबात १३७ ग्रॅम ट्रायक्लोराइड आणि ५४ ग्रॅम पाणी यांपासून ८२ ग्रॅम आम्ल आणि १०९ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो. म्हणजे हव्या असलेल्या पदार्थापेक्षा उपपदार्थच वजनाने जास्त निघतो, त्यामुळे कारखान्यात हा वायू पाण्यात शोषून हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणून उपयोगात आणण्याची सोय लागतेच. अभिक्रिया अत्यंत उष्मादायी असल्याने ट्रायक्लोराइडवर पाणी ओतणे धोक्याचे आहे.

दुसरा मार्ग फॉस्फरस ट्रायऑक्साइड थंड पाण्यात विरघळवण्याचा. गरम पाण्यात मात्र अभिक्रिया भलतीकडे जाते आणि फॉस्फीन या विषारी वायूसह इतर पदार्थ तयार होतात. फॉस्फोरिक आम्लातला एक ऑक्सिजन काढून टाकून हे आम्ल मिळवता येईल, अशी कल्पना सुचू शकते, पण फॉस्फोरिक आम्लाचे क्षपण सहजासहजी होत नाही.

ते क्षपणक (दुसऱ्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देणारे) का आहे?

यात फॉस्फरसचा ऑक्सिडीकरणांक +३ असतो आणि +५ ही फॉस्फरसची अधिक स्थिर अवस्था आहे. ऑक्सिजनयुक्त संयुगांत फॉस्फरसचा कल नेहमीच त्या अवस्थेकडे असतो. फॉस्फोरिक आम्लापासून फॉस्फरस आम्लापर्यंतचा प्रमाण विभव, म्हणजे क्षपण होण्याचा कल दाखवणारा आकडा, −०.२८ व्होल्टच्या आसपास आहे. हा आकडा पाहता हे आम्ल पाण्यातील हायड्रोजन आयनांचेही क्षपण करून हायड्रोजन वायू सोडू शकेल, असे ऊष्मागतिकी सांगते. तरी बाटलीतले द्रावण शांत राहते, कारण अभिक्रिया शक्य असणे आणि ती जाणवण्याइतक्या वेगाने घडणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात हे आम्ल घालून नळी हलकेच गरम केली की द्रावण आधी तपकिरी होते, मग करडे-काळे होते आणि चांदीचे बारीक कण तळाशी बसतात. फॉस्फोरिक आम्लाने असे काहीच होत नाही, त्यामुळे दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या असतील तर ओळख पटवण्यासाठी ही कसोटी मला सर्वांत सोयीची वाटते. मर्क्युरिक क्लोराइडपासूनही आधी मर्क्युरस क्लोराइडचा पांढरा अवक्षेप आणि नंतर करडा पारा मिळतो.

आयोडीनची गोष्ट अधिक मनोवेधक आहे. आम्लधर्मी द्रावणात आयोडीन फॉस्फरस आम्लाचे ऑक्सिडीकरण फार सावकाश करते, पण सोडिअम बायकार्बोनेट घालून द्रावण उदासीनच्या आसपास आणले की तीच अभिक्रिया वेगाने पूर्ण होते. हायपोफॉस्फाइटचे, म्हणजे हायपोफॉस्फरस आम्लाच्या क्षाराचे, वागणे याच्या उलट असते. त्याचे आयोडीनने होणारे ऑक्सिडीकरण आम्लधर्मी द्रावणात होते आणि उदासीन द्रावणात जवळजवळ होत नाही. या फरकाचा उपयोग करून एकाच मिश्रणातील दोघांचे प्रमाण वेगवेगळे मोजता येते.

ते तापवल्यास काय होते?

सुमारे २०० अंश सेल्सिअसला त्याचे अपघटन होते आणि ही अभिक्रिया नीट समजून घेणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक आहे. फॉस्फरस आम्लाच्या चार रेणूंपासून फॉस्फोरिक आम्लाचे तीन रेणू आणि फॉस्फीनचा एक रेणू तयार होतो. तीन फॉस्फरस अणू +३ वरून +५ वर जातात, म्हणजे एकूण सहा इलेक्ट्रॉन देतात, आणि चौथा अणू तेच सहा इलेक्ट्रॉन घेऊन थेट −३ वर उतरतो. एकाच पदार्थाचे एकाच वेळी ऑक्सिडीकरणही झाले आणि क्षपणही.

३२८ ग्रॅम आम्लाचे असे पूर्ण अपघटन झाले तर ३४ ग्रॅम फॉस्फीन सुटतो. हा वायू अत्यंत विषारी आणि ज्वलनशील आहे. त्यात डायफॉस्फेनचा अंश असेल तर तो हवेत आपोआप पेट घेतो. म्हणून या आम्लाचे द्रावण आटवताना तापमापीकडे दुर्लक्ष करणे कधीही परवडणारे नाही. प्रयोगशाळेत फॉस्फीन तयार करण्याची एक पद्धत याच अभिक्रियेवर आधारलेली आहे, पण ते काम धूर-कपाटात आणि अनुभवी व्यक्तीनेच करायचे असते.

ट्रायसोडिअम फॉस्फाइट नावाचा क्षार मिळतो का?

पाण्यातील द्रावणापासून मिळत नाही. सोडिअम हायड्रॉक्साइड कितीही जास्त घातले तरी दोनच हायड्रोजनांच्या जागी सोडिअम येते. त्यामुळे सोडिअमचे सामान्य क्षार दोनच आहेत. एकाच हायड्रोजनाची जागा सोडिअमने घेतलेला क्षार आम्लधर्मी असतो, तर दोन्हींची जागा घेतलेल्या क्षाराचे द्रावण किंचित अल्कधर्मी असते. दुसऱ्याच्या सूत्रात हायड्रोजन शिल्लक दिसतो म्हणून त्याला ‘आम्ल क्षार’ समजले जाते, पण तो शिल्लक हायड्रोजन फॉस्फरसवरचा असल्याने हा पूर्ण उदासिनीकरण झालेला क्षार आहे.

मग ट्रायअल्किल फॉस्फाइट कसे अस्तित्वात असतात?

कारण अल्किल गट (एथिलसारखा कार्बन-हायड्रोजनचा गट) हायड्रोजनसारखा आपणहून जागा बदलत नाही. तिन्ही ऑक्सिजनांना एथिल गट जोडलेला ट्रायएथिल फॉस्फाइट हा स्थिर द्रव आहे. फॉस्फरस ट्रायक्लोराइड आणि एथॅनॉल यांची अभिक्रिया आम्लारीच्या उपस्थितीत केली तर तो मिळतो. आम्लारी नसेल तर सुटलेले हायड्रोजन क्लोराइड एक एथिल गट काढून घेते आणि फॉस्फरस–हायड्रोजन बंध असलेला डायएथिल फॉस्फाइट हाती येतो. ट्रायअल्किल फॉस्फाइटलाही अल्किल हॅलाइडबरोबर तापवले की तो फॉस्फरस–ऑक्सिजन दुहेरी बंध असलेल्या फॉस्फोनेटमध्ये बदलतो. ही अभिक्रिया मिखाएलिस आणि आर्बुझोव्ह यांच्या नावाने ओळखली जाते.

फॉस्फाइट हे पिकांसाठी खत आहे का?

स्फुरद पुरवणारे खत या अर्थाने नाही, आणि याबाबतची गैरसमजूत पिकाला महागात पडू शकते. वनस्पतीची मुळे आणि पाने फॉस्फाइट शोषून घेतात, कारण पेशींतील फॉस्फेटवाहक प्रथिनांना दोन्ही आयन बरेचसे सारखे वाटतात. पण आत गेलेल्या फॉस्फाइटचे फॉस्फेट करण्याची यंत्रणा वनस्पतींकडे नसते, आणि प्रथिनांचे नियमन असो वा ऊर्जेची देवाणघेवाण, त्यांना फॉस्फेटच लागते. उलट फॉस्फेटची कमतरता असलेल्या झाडात फॉस्फाइट गेल्यास कमतरतेची जाणीव करून देणारे संकेतच दबतात आणि झाडाची स्थिती आणखी बिघडते. जमिनीतील काही जीवाणू फॉस्फाइटचे ऑक्सिडीकरण करतात, पण ते काम संथ असते.

पोटॅशिअम फॉस्फाइटचा खरा उपयोग रोगनियंत्रणात आहे. मूळकूज घडवणारे फायटॉप्थोरा आणि केवडा रोगाचे कारक यांसारख्या, बुरशीसदृश ऊमायसीट गटातील जीवांवर तो प्रभावी ठरतो. एकीकडे तो त्या जीवांची वाढ रोखतो आणि दुसरीकडे झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी करतो. तो झाडात खालून वर आणि वरून खालीही वाहून नेला जातो, हे त्याचे विशेष वैशिष्ट्य. फोसेटिल ॲल्युमिनिअम हे बुरशीनाशकही झाडात गेल्यावर फॉस्फाइटमध्येच रूपांतरित होते. फवारणीसाठी आम्ल तसेच वापरत नाहीत. ते पोटॅशिअम हायड्रॉक्साइडने उदासीन केलेले असते, नाहीतर पाने करपतात.

उद्योगात त्याचा उपयोग कशासाठी होतो?

मुख्यतः फॉस्फोनेट संयुगे बनवण्यासाठी. फॉर्माल्डिहाइड आणि अमाइन यांच्याबरोबर फॉस्फरस आम्लाची अभिक्रिया केली की फॉस्फरस–हायड्रोजन बंधाच्या जागी फॉस्फरस–कार्बन बंध तयार होतो. अशी संयुगे बॉयलर आणि शीतकरण मनोऱ्यांच्या पाण्यात क्षारांचा थर बसू देत नाहीत. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या एका उत्पादनमार्गातही हीच अभिक्रिया आहे. हाडांची झीज रोखणाऱ्या ॲलेंड्रोनेटसारख्या औषधांच्या निर्मितीतही हे आम्ल लागते.

हायपोफॉस्फरस आम्लाशी त्याचे नाते काय?

हायपोफॉस्फरस आम्लात फॉस्फरसला दोन हायड्रोजन थेट जोडलेले असतात आणि हायड्रॉक्सिल गट एकच असतो, म्हणून त्याची आम्लारिधर्मता एक आहे. फॉस्फोरिक आम्लात असा एकही हायड्रोजन नसतो आणि आम्लारिधर्मता तीन असते. फॉस्फरस आम्ल या दोघांच्या मध्ये बसते.

विजेविना निकेलचा मुलामा देण्याच्या द्रावणात हे नाते डोळ्यांसमोर घडताना दिसते. तेथे सोडिअम हायपोफॉस्फाइट निकेल आयनांचे क्षपण करते आणि स्वतः फॉस्फाइट होते. मुलामा चढत जातो तसतसे फॉस्फाइट साचत जाते, एका मर्यादेनंतर निकेल फॉस्फाइटचे कण सुटू लागतात, मुलामा खरखरीत येतो आणि द्रावण बदलावे लागते.

फॉस्फाइट निसर्गात आढळते का?

आढळते, पण थोडे. लोखंडी उल्कांमध्ये श्रायबरसाइट नावाचे लोह-निकेल फॉस्फाइड खनिज असते आणि पाण्याशी त्याची अभिक्रिया झाली की इतर पदार्थांबरोबर फॉस्फाइटही तयार होते. पृथ्वीच्या सुरुवातीच्या काळात जीवसृष्टीला लागणारा द्राव्य फॉस्फरस काही अंशी अशा मार्गाने मिळाला असावा, असा विचार संशोधकांनी मांडला आहे. फॉस्फेटचे कॅल्शिअम क्षार पाण्यात जवळजवळ अद्राव्य असतात आणि फॉस्फाइटचे त्यामानाने बरेच द्राव्य, त्यामुळे या विचारात मला तथ्य वाटते. व्हेनिसच्या गाळातून वेगळा केलेला एक जीवाणू तर ऑक्सिजनविना, सल्फेटच्या साहाय्याने फॉस्फाइटचे ऑक्सिडीकरण करून त्यावर ऊर्जा मिळवतो. त्यासंबंधीचे संशोधन २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

हाताळताना आणि साठवताना कोणती काळजी घ्यावी?

हे आम्ल दाहक आहे. त्वचेवर भाजल्यासारखी जखम होते आणि डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते, म्हणून हातमोजे आणि संरक्षक चष्मा वापरावा. अंगावर उडाल्यास ती जागा भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावी आणि डोळ्यात गेल्यास धुणे सुरू ठेवून वैद्यकीय मदत घ्यावी.

साठवण घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बाटलीत, कोरड्या जागी आणि उष्णतेपासून दूर असावी. नायट्रिक आम्ल, पेरॉक्साइड, परमँगनेट असे ऑक्सिडीकारक त्याच कपाटात ठेवू नयेत. जस्तासारख्या धातूंशी संपर्क टाळावा, कारण आम्ल आणि धातू यांच्यापासून सुटणारा हायड्रोजन या आम्लाचे क्षपण करून फॉस्फीन तयार करू शकतो. जुन्या द्रावणाची संहती बाटलीवर लिहिलेल्या आकड्यावरून गृहीत धरू नये. हवेच्या संपर्कात त्याचा काही भाग सावकाश फॉस्फोरिक आम्लात बदलत असतो आणि साध्या आम्ल-आम्लारी अनुमापनात तो बदल लपून राहतो, म्हणून वापरण्यापूर्वी बायकार्बोनेट घालून आयोडीनने अनुमापन करावे.